ओल ओळखणारा हात

“तो तुमचा अंडेवाला गेला जी,” असं म्हणून गाडीवानानं तंबाखूची चिमूट दाढेखाली सरकवली आणि बैलांच्या गळ्यातली जोती सोडायला घेतली. अकोल्याच्या कापूसबाजारात मी छापखान्यासाठी कागदाचं गाठोडं सोडवायला गेलो होतो. गाडी अंजनगाव सुर्जीची, कापूस आमच्या जातीचे म्होरके तुळशीरामजी यांचा, आणि गाडीवानही त्यांचाच. कापूस भिजू नये म्हणून वर तरट घट्ट आवळलेलं होतं आणि बातमी मात्र अशी उघड्यावर टाकली. मी विचारलं, “कोण अंडेवाला?” मला कळलं होतं, तरी विचारलं. तो म्हणाला, “पुंजाजी. तुमचा मामा नोहे का? हिवतापानं गेला. पाच रोज झाले.” पाच रोज! माझ्या सख्ख्या मामाच्या मरणाची खबर मला कापसाच्या गाडीवरून, कापसाच्या मागून आली. हल्ली वऱ्हाडात सगळंच कापसाच्या मागून येतं... पाऊस, लग्न, मौत.

या गोष्टीला आता दीड महिना होऊन गेला. मी लिहिणार नव्हतो. रडगाणं गायची मला सवय नाही, मी पत्रकं छापणारा माणूस आहे. पण गेल्या पंधरवड्यात याच पत्रात चिखलदऱ्याच्या एका साहेबाची आणि त्याच्या ‘अंडी उबवण्याच्या अद्भुत पेटी’ची पाऊण रकाना तारीफ छापून आली. कोंबडीवाचून पिल्लं निघतात, साहेबाची बुद्धी किती, विलायतची करामत किती... आणि त्या पाऊण रकान्यात माझ्या मामाचं नाव तर सोडाच, “एक नोकर” एवढेसुद्धा शब्द नाहीत. संपादकांना मी म्हटलं, तारीफ छापलीत तशी आता हकीगतही छापा. ते म्हणाले, साहेबाचं नाव काढून दे, छापतो. काढलं आहे. त्या पाऊण रकान्यात मामाचं नाव नाही, यात साहेबाचं नाही. फिट्टंफाट.

पुंजामामा पानमळेवाले. अंजनगावच्या पानमळ्यात वाढलेल्या माणसाला ओल कळते, जसा सोनाराला सोन्याचा कस कळतो. नागवेल म्हणजे नाजूक जात. वारा लागला की करपते, पाणी जास्त झालं की सडते, म्हणून चारी बाजूंनी गवताच्या उंच ताट्या बांधून आत एक वेगळंच हवामान राखायचं. मामा सकाळी मळ्यात शिरताना हात पालथा करून पुढे धरायचे, मग तोच हात ओठांना लावायचे आणि सांगायचे, “उत्तरेकडची ताटी भिजवा.” लहानपणी मीही हात पालथा करून बघायचो. मला फक्त माझा हात दिसायचा. मळ्यात शिरायचे नियम ठाऊक नसतील त्यांच्यासाठी सांगतो. अंघोळ केल्याशिवाय जायचं नाही, जोडा घालून जायचं नाही, आणि मांसमच्छी, अंडं यांचा विटाळ घेऊन तर मुळीच नाही. मळा म्हणजे देऊळ. मामा विहिरीवर अंघोळ करून ओलेत्या धोतरानंच आत जात. मी एकदा म्हटलं, “मामा, धोतर वाळू द्या न.” ते म्हणाले, “वेलीले वाळलेला मानूस आवडत नाई, भाचेबुवा.”

मग अमेरिकेत लढाई पेटली आणि इकडे वऱ्हाडात लोकांची डोकी. कापसाला असा भाव आला की माणसांनी गाद्या उसवून आतला कापूस विकला आणि चटईवर निजले. तुळशीरामजींनी तर आपला अर्धा पानमळा उपटून तिथं कपाशी लावली. हे वाक्य ध्यानात ठेवा, पुढे लागेल. देवळासारखा मळा, त्यात नांगर घातला, आणि एकाही पंचाच्या तोंडून ब्र निघाला नाही. उलट सगळे विचारायला गेले, सरकी कुठली आणली.

मामांना त्या हिवाळ्यात अमरावतीच्या एका व्यापाऱ्यानं बोलावून नेलं. काम काय, तर कापसावर पाणी मारायचं. पाणी मारलेला कापूस काट्यावर जास्त भरतो. पण जास्त मारलं तर गठ्ठा काळा पडतो, वास येतो, पकडला जातो. दिसू नये पण भरावं, असं मारायला मामांसारखा हात लागतो. मामांनी ते केलं. मी झाकून ठेवत नाही. एक हिवाळा माझ्या मामांनी चोराच्या वखारीत हाताची कमाई विकली. नंतर एकदा मी तोंडावर बोललो, तेव्हा मान खाली घालून म्हणाले, “व्हय. पान्यानं मले शिकवलं, अन् मी पान्याले खोटं बोलाले लावलं.” एवढंच. पण गावात त्या कामाबद्दल त्यांना कोणी नावं ठेवली का? छे! हुशार माणूस म्हणून पाठीवर थाप पडली. म्होरक्यांनी स्वतःच्या गाड्या आधी त्यांच्याकडून ‘शिंपून’ घेतल्या.

आता आपले साहेब. हे भिजवलेला कापूस पकडायला नेमलेले. हातमोजे घालून कापूस बघायचे! मामांनी भिजवलेल्या गठ्ठ्यांपुढून तीनदा गेले आणि तिन्ही वेळा मान डोलावली. चौथ्यांदा मामांना हसू आवरलं नाही. म्हणाले, “साहेब, मोजा काढून हात घाला, मंग समजन.” व्यापाऱ्यानं कपाळ बडवून घेतलं. पण साहेबाच्या डोक्यात वेगळाच किडा वळवळला. त्यांनी विलायतेहून एक पेटी मागवली होती. लाकडाची, वर गरम पाण्याचा पत्र्याचा डबा, खाली दिवा, आत पाऱ्याची नळी, आणि बुडाला हवेसाठी भोकं. उन्हाळ्यात साहेब चिखलदऱ्याच्या बंगल्यात राहायला जात आणि तिथं मुंबईहून आलेल्या जातिवंत कोंबड्यांची अंडी त्या पेटीत उबवायची त्यांना हौस. पेटीबरोबर एक बुक होतं. बुकात लिहिलं होतं, पेटीत ओल हवी. किती हवी ते लिहिणारा चिखलदऱ्याला कधी आला नव्हता. साहेबांना ओल कळणारा माणूस हवा होता, तो त्यांना चोराच्या वखारीत सापडला.

मामा डोंगर चढून गेले. का गेले? वखारीतून सुटायला गेले, असं मला वाटतं. पहिल्याच दिवशी त्यांना कळलं ते साहेबाला अखेरपर्यंत कळलं नाही. अंजनगावात पानांच्या टोपलीवर टाकलेलं ओलं फडकं दुपारपर्यंत ओलं राहतं, तेच फडकं डोंगरावर बघता बघता कडक झालं. गारवा होता, तरीही. मामा म्हणाले, “उंचावरचं वारं गार हाय, पन तहानलेलं हाय. जे दिसन त्याचं पानी पिते.” अंड्याला कवच असतं, पण कवचालाही बारीक छिद्रं असतात, त्यातून आतलं पाणी जातं. दाराच्या फटीतून उन्हाची तिरीप यायची, तिच्यापुढे अंडं धरून मामा बघायचे. बोथट टोकाकडे एक पोकळी असते, ती रोज थोडी वाढायला हवी. डोंगरावर ती धावत वाढत होती. अंडी आणून देणारी एक कोरकू बाई रोज दारात उभी राहून पेटीकडे बघायची आणि हसायची. “का रे बाबा, कोंबड्या मेल्या का साऱ्या गावच्या? दिव्याले बसवते अंड्यावर?” मामा म्हणायचे, “कोंबडीले पगार नाई न देता येत, बाई. साहेबाले पगार द्याची हौस हाय.”

त्या पहिल्या उन्हाळ्यात साहेब कापसाच्या कामाला खाली अमरावतीला गेले आणि पेटी मामांच्या हाती राहिली. मामांनी तिला मळ्यासारखं वागवलं. पहाटे अंघोळ, पायात जोडा नाही, ओलेत्या धोतरानं खोलीत शिरायचं, पेटीशेजारी बसायचं, पानं फिरवतात तशी अंडी दिवसातून तीनदा फिरवायची. बाविसाव्या दिवशी साहेब घोड्यावरून उतरले तेव्हा खोलीत पिल्लांचा कलकलाट होता. साहेबांनी पेटीच्या लाकडावर थोपटलं. पेटीच्या!

दुसऱ्या उन्हाळ्यात साहेब स्वतः हजर. मामांना ओलेत्यानं खोलीत शिरताना बघून त्यांचं नाक वर गेलं. “तुम गीला कपडा क्यों पहनता? ये मंदिर नहीं है!” मामांना कोरडा अंगरखा, पट्टा आणि बूट देण्यात आले. ओलं धोतर म्हणजे नेटिवाचं खूळ, आणि साहेबाच्या खोलीत खूळ चालणार नाही. साहेबांनी बुकाबरहुकूम पेटीत चहाच्या बशीएवढं पाणी ठेवलं. एकवीस दिवस झाले. बावीस. तेवीस... आतून टकटक ऐकू आली आणि थांबली. एक पिल्लू निघालं नाही. साहेबांनी मामांना हरामखोर म्हटलं, झोपलास म्हटलं. मामांनी एक अंडं फोडून पाहिलं. आत पिल्लू पुरतं तयार होतं. पिसं होती, नखं होती, चोचीनं कवचाला टोचाही मारला होता. पण कवचाखालचा पापुद्रा सुकून कातड्यासारखा झाला होता आणि पिल्लाला चिकटला होता. ते बिचारं बाहेर येता येता तिथंच बांधलं गेलं होतं. हे मला सांगताना मामांचा आवाज चिरका व्हायचा. कपाशीचे हजार गठ्ठे जळले असते तरी झाला नसता. म्हणाले, “दारापाशी येऊन मेले रे सारे. दारापाशी.”

आणि तिथंच त्यांना समजलं. खोलीतली हवा खालच्या भोकांतून पेटीत जाते. गेल्या साली खोली ओली होती. कशानं? धोतरानं! साहेबाच्या बुकात धोतर नव्हतं. मामांनी ते जाऊन सांगितलं तर साहेब इतके हसले की खानसाम्यालाही हसायला बोलावलं. पण अंड्यांची दुसरी टोपली आली होती आणि साहेबांना हिवाळ्यात अकोल्याच्या प्रदर्शनात पिल्लं मांडायची होती, म्हणून गरजेपोटी परवानगी मिळाली. मामांनी खोलीत चार ओली धोतरं टांगली. अठरा दिवस नुसती टांगली, वाळली की भिजवली, रोज उन्हाच्या तिरीपेत पोकळी पाहिली. शेवटचे तीन दिवस वेगळे. त्या तीन दिवसांत ओल वाढवायची आणि पेटी अजिबात उघडायची नाही, कारण झाकण उचललं की आतली ओल एका श्वासात पळून जाते आणि टोचा मारलेलं पिल्लू पापुद्र्यात अडकतं. हे त्यांनी कुठं वाचलं नव्हतं. मेलेल्या पिल्लांनी शिकवलं होतं. साहेबांना धीर धरवेना. ते झाकणाला हात घालायला आले तेव्हा मामा पेटीला पाठ लावून उभे राहिले. साहेबांच्या हातात छडी होती. मामा म्हणाले, “मारा साहेब. पन खोलू नका.” साहेबांनी छडी मारली की नाही, हे मामांनी मला कधीही सांगितलं नाही. पिल्लं मात्र निघाली, टोपलीभर.

अकोल्याच्या प्रदर्शनात ती मोठी होऊन जाळीत मांडली होती, शेजारी ती पेटी. वर पाटी, साहेब बहादूरांच्या पेटीतून निघालेली विलायती जात. मी गर्दीत होतो. मामा जाळीमागे ओलं फडकं घेऊन उभे होते. लोक कोंबड्या बघत, पाटी बघत, साहेबाला सलाम करत आणि मामांना “जरा बाजूला हो” म्हणत. मामा बाजूला होत होते. त्या दिवशी मला जितकी चीड आली तितकी मामांना का येत नव्हती, याची मला आणखी चीड आली.

त्याच प्रदर्शनात तुळशीरामजी आले होते. सरकीचा दर बघायला. त्यांनी मामांना अंड्याच्या पेटीपाशी पाहिलं. आठ दिवसांत अंजनगावात जातपंचायत बसली. पुंजाजीनं दोन उन्हाळे अंडी हाताळली, अंड्याच्या खोलीत सोवळं केलं, वेलीचा नियम कोंबडीला लावला! त्यांचे पाय मळ्यात पडले तर वेल करपेल. मळ्यात नांगर घालणारा माणूस हे बोलत होता आणि बाकीचे माना हलवत होते. कापसावर पाणी मारलं तेव्हा जात गेली नाही. अंड्यावर पाणी राखलं तेव्हा गेली. आमच्या लोकांचा धर्म असा काट्यावर बसलेला आहे, भरेल तिकडे झुकतो. मामांनी एकदाच विचारलं, “मी खाल्लं एकबी अंडं?” साहेबांना मी चिठ्ठी लिहिली की तुमच्या नोकराची जात गेली आहे, दोन शब्द लिहून द्या. उत्तर आलं की नेटिवांच्या रीतिरिवाजात ते पडत नाहीत. धोतरात पडले होते. ते चाललं.

मामा चिखलदऱ्याला परत गेले नाहीत. स्वतःच्या मळ्याबाहेर ताटीला टेकून बसू लागले. आत गिरजामामी, एकटी. वय झालेल्या बाईला आत जायला मनाई नव्हती, म्हणून मळा तिच्यावर पडला. मामांनी ताटीत मनगट जाईल एवढं भोक पाडलं होतं. जातीनं पायांना बंदी केली होती, हाताबद्दल कोणी बोललं नव्हतं. सकाळी अंघोळ करून, ओलेत्या धोतरानं मामा येत आणि पालथा हात त्या भोकातून आत घालत. आतून मामी विचारायची, “काय म्हन्ते हात?” मामा हात बाहेर काढून ओठांना लावत आणि सांगत, “बुडाले पानी नको देऊ, नुसतं वर शिंपड.” किंवा, “आज पुरे.” अशा रीतीनं वर्षभर तो मळा चालला. गावातली सगळ्यात चांगली पानं त्याच मळ्याची होती आणि तीच तुळशीरामजींच्या घरच्या पूजेला जात होती. खोटं वाटत असेल त्यानं अंजनगावला जाऊन विचारावं.

आता माझी पाळी. इतरांना जोडे मारले, स्वतःला चुकवलं तर पत्रकवाला कसला.

मामांना एकच गोष्ट हवी होती. साहेबाचं नाव नको, पाटी नको. नागपंचमीला सगळे पानमळेवाले आपापल्या मळ्यात वेलीची पूजा करतात, त्या दिवशी आपल्या मळ्यात पाय ठेवायचा, बस्स. मामीनं महिनोन्‌महिने घरोघरी जाऊन, बायकांच्या कानी लागून पंचांना मऊ केलं होतं. ठरलं होतं असं की नागपंचमीला पुंजाजीनं अंघोळ करून सगळ्यांच्या मागून गुपचूप आत जावं. कोणी आडवं यायचं नाही, कोणी बोलायचं नाही. हे मला ठाऊक नव्हतं. मला कोणी सांगितलं नाही, कारण मला सांगितलेलं सगळं छापलं जातं. नागपंचमीच्या तीन दिवस आधी, अंजनगावच्या बाजारात, मी माझं पत्रक वाटलं. वर मोठ्या अक्षरांत ‘पानमळा बाटवला कोणी?’ आणि खाली म्होरक्यांचं नाव, त्यांचा नांगर, त्यांचा भिजका कापूस, सगळं. एकही अक्षर खोटं नव्हतं. मी वेशीत उभा राहून ते मोठ्यानं वाचूनही दाखवलं. लोक हसले, टाळ्या पडल्या. मला वाटलं, लंका जाळली.

त्या संध्याकाळी पंचांनी शब्द फिरवला. पुंजाजी मळ्यात जाईल तर भर पंचायतीत आधी म्हणेल की मी पाप केलं. मामा म्हणायला तयार झाले नाहीत. कापसाबद्दल म्हणतो म्हणाले, अंड्याबद्दल नाही.

मी त्यांच्यापुढे जाऊन बसलो तेव्हा ते ताटीला टेकलेले होते. म्हणाले, “गनपत, तुले झाकन कोनं उचलाले लावलं?”

मी म्हटलं, “मामा, मी खरं तेच छापलं.”

“खरंच छापलं बाप्पा. मी कुठं खोटं म्हन्तो? साहेबबी खरंच पाहाले आला होता, पिल्लं निघाली का नाई म्हून.” मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, “अठरा झाले होते रे. तीनच राहिले होते.”

रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. नागपंचमीला त्यांनी भोकातून हात आत घातला आणि मामीनं वेलीचं हळदकुंकू त्या हाताला लावलं. तीच त्यांची पूजा. कार्तिकात हिवताप आला, आणि पुढचं मला गाडीवानाकडून कळलं.

साहेबाच्या पेटीचंही सांगून टाकतो, कारण तारीफ लिहिणाऱ्यानं ते लिहिलेलं नाही. मामा नसताना साहेबांनी या पावसाळ्यात पेटी लावली. चार ओली धोतरं टांगली. पावसाळ्यात! चिखलदऱ्याच्या धुक्यात, जिथं भिंतींना पाझर फुटतो! पिल्लं अंड्यातल्या अंड्यात बुडून मेली, असं खानसामा सांगत होता. साहेबांनी मामांची धोतरं घेतली, हात काही घेता आला नाही. ही झाली अद्भुत पेटी. छापा.

मामांच्या चौदाव्याला मी अंजनगावला गेलो. पत्रावळीवर विडे होते, मामांच्याच मळ्यातल्या पानांचे, हिरवेगार. तुळशीरामजींनी दोन खाल्ले. मी उठून मळ्याकडे गेलो. ताटीतलं भोक मामीनं बुजवलं नव्हतं. त्यातून वारं शिरून जवळची चारपाच पानं कडेनं करपली होती, तरी बुजवलं नव्हतं. ताटीबाहेर मामा बसायचे ती जागा अजून गुळगुळीत होती. मी खाली बसलो. हात पालथा केला आणि भोकातून आत घातला. आत गार होतं. कदाचित ओलं होतं... कदाचित जास्त ओलं, कदाचित कमी. वेलीचं एक पान मनगटाला लागलं.

आतून मामीचा आवाज आला. मी तिथं आहे हे तिला ताटीतून दिसत होतं की नाही, ठाऊक नाही.

“काय म्हन्ते हात?”

मी हात बाहेर काढून ओठांना लावला. मामी आत पाण्याची घागर घेऊन उत्तराची वाट बघत उभी होती, आणि मला काही कळेना.